दर पाच आकड्यांनी एक श्वास

आमच्या धक्क्यावर तिला सगळे हवावहिनी म्हणतात. पाणबुड्यांच्या पाठीवरच्या टाक्यांत हवा भरायचं काम तिचं, म्हणून हवा. आणि वहिनी यासाठी, की तिचा दीर दिवसातून शंभर वेळा ‘वहिनी, ए वहिनी’ करत शेडभर फिरायचा. ते ऐकून ऐकून बर्फवाल्यापासून बंदराच्या साहेबापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली. माझं दुकान तिच्या शेडला लागून. रबरी सूट फाटले की मी ते शिवून, चिकटवून देतो. आमच्यात एक पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे तिच्याकडचं अर्धं बोलणं मला न विचारता कळतं. उरलेलं अर्धं ती स्वतःच येऊन सांगते.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दीर नऊ वर्षांचा होता. सासू तो रांगत असतानाच गेलेली. सासरे बोटीवर, नवराही बोटीवर, आणि घरात हा एकटा, शर्टाची बटणं वरखाली लावलेला. पहिल्याच दिवशी त्याने दारात उभं राहून तिला विचारलं, “तू किती दिवस राहणार आहेस?”

“बघू,” ती म्हणाली. “तुझ्या वागण्यावर आहे.”

तेव्हापासून तो तिच्या पाठीला चिकटला तो चिकटलाच. घरात त्याला धाकटा म्हणत. तो मोठा झाला, मिशी फुटली, पाण्याखाली गिऱ्हाइकं फिरवून आणण्यात धक्क्यावर त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही, तरी धाकटाच राहिला. तिच्या नवऱ्याला लोक कप्तान म्हणतात, कारण बोट त्याची. कप्तान बोलण्यात कंजूष. हवेचा अंदाज सांगायचा तरी चार शब्द वापरायचा आणि त्यातले दोन परत घेतल्यासारखा गप्प बसायचा. दोन भावांत सोळा वर्षांचं अंतर. धाकट्यावर त्याचा जीव होता, पण तो जीव कधी तोंडातून बाहेर पडला नाही.

ती स्वतः मात्र कधी पाण्याखाली गेलेली नाही. लहानपणी विहिरीत उडी मारताना कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून ती वरच राहिली. कॉम्प्रेसर चालू करायचा, टाकी भरताना हाताने तापमान बघायचं, भरून झाली की झडप जराशी उघडून हवेचा वास घ्यायचा. वास तेलकट लागला तर ती पूर्ण टाकी रिकामी करायची. कुणी घाई केली तर म्हणायची, “खाली गेल्यावर ही हवा बदलून मिळत नाही, भाऊ.”

प्रथमोपचाराच्या वर्गाला ती गेली ती नवऱ्याच्या आळसामुळे. प्रत्येक बोटीमागे एका माणसाकडे प्रमाणपत्र पाहिजे असा नियम निघाला. नाव कप्तानाचं लागलं होतं. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. “तू जा. मला वहीपेन घेऊन बसायला जमायचं नाही.”

अग्निशमन केंद्राच्या माडीवर दहा दिवस वर्ग चालला. शिकवायला एक परिचारिका होती, निवृत्तीला आलेली, आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. बाकीचे बोटवाले मागच्या बाकावर बसून जांभया देत. हवावहिनी पुढे बसली आणि प्रश्न विचारून विचारून तिने त्या बाईला भंडावून सोडलं. जेलीफिशवर गोडं पाणी का नको? कारण गोड्या पाण्याने कातडीवर चिकटलेले न फुटलेले डंख फुटतात. चोळायचं का नाही? त्याच कारणाने. मग व्हिनेगर किती वेळ? अर्धं मिनिट तरी, आणि मग चिमट्याने तंतू उचलायचे. विषारी काट्याच्या माशावर पाय पडला तर? गरम पाणी, सोसेल इतकंच, आणि ते आधी आपल्या हाताला लावून बघायचं, कारण दुखण्याने वेडा झालेल्या माणसाला भाजलेलंही कळत नाही.

या सगळ्याची तिने धक्क्यावर येऊन अंमलबजावणी सुरू केली तेव्हा लोकांनी टिंगल केली. बोटीवरचा पांढरा डबा तिने रिकामा केला. त्यात एक वाळलेली मलमाची ट्यूब आणि कप्तानाची हरवलेली चष्म्याची काडी निघाली. तिने त्यात व्हिनेगरच्या बाटल्या, चिमटा, कात्री, रुंद लवचीक पट्ट्या, श्वास द्यायला तोंडावर बसवायचा प्लास्टिकचा मास्क असं सगळं भरलं आणि गरम पाण्याचा थर्मास रोज बोटीवर चढवायला लागली. धाकटा म्हणायचा, “वहिनी, व्हिनेगर आहे, गरम पाणी आहे, कांदा तेवढा टाक, दुपारच्या जेवणाचं भागेल.”

पण एका उन्हाळ्यात एका शाळकरी मुलीच्या दोन्ही पायांना जेलीफिश गुंडाळला. तिचे वडील पिण्याच्या पाण्याची बाटली उलटी करणार तोच हवावहिनीने त्यांच्या हातातून ती हिसकावली आणि धक्क्यावरच त्या पायांवर व्हिनेगर धरलं. पोरगी तासाभरात चालत घरी गेली. नंतर एका मच्छीमाराचा पाय तिने नव्वद मिनिटं गरम पाण्याच्या बादलीत धरून ठेवला, पाणी निवलं की पुन्हा ओतत. त्यानंतर टिंगल कमी झाली. बंद झाली असं म्हणणार नाही.

वर्गातली एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला स्वतःलाच तिची धास्ती वाटायची. शेवटच्या दिवशी परिचारिकेने एक रिकामा शंख टेबलावर ठेवला होता. आइस्क्रीमच्या कोनासारखा, तपकिरी नक्षीचा, शोकेसमध्ये ठेवावा असा. “यातला प्राणी जिवंत असला की सुईसारखा दात मारतो,” ती म्हणाली. “दुखत नाही फारसं. याच्यावर उतारा नाही. पण याचं विष माणसाला थेट मारत नाही, त्याचे स्नायू झोपवतं. छाती हलवणारे सुद्धा. हृदय चालू असतं. डोकं चालू असतं. कान चालू असतात. डोळ्यांची बुबुळं मोठी होऊन थिजतात, त्यामुळे तो मेल्यासारखा दिसतो. पण तुम्ही त्याच्यासाठी श्वास देत राहिलात तर विष उतरेपर्यंत तो टिकतो. थांबलात, तर मात्र तुम्हीच मारलात.”

“किती वेळ द्यायचा?” हवावहिनीने विचारलं.

“दवाखान्यातलं यंत्र लागेपर्यंत. एक तास, चार तास. जेवढं अंतर असेल तेवढा.”

मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला, “मग आपलं फुप्फुस बाहेर यायचं.” सगळे हसले. परिचारिका हसली नाही.

त्या दिवसाचं मी तिघांकडून तीनदा ऐकलंय, म्हणून बोटीवर नसलो तरी सांगू शकतो. बोटीचे दोर सांभाळणारा माणूस तापाने आडवा पडला होता, म्हणून हवावहिनी बोटीवर गेली. एरवी ती धक्क्यावरच असते. गिऱ्हाइकं तिघंच. एक नवरा-बायको, ज्यांना बोट लागली आणि जे पाण्यात उतरलेच नाहीत, आणि एक दातांचा डॉक्टर. पन्नाशीचा, सज्जन, नवीन कॅमेरा घेऊन आलेला. बोट खडकांच्या रांगेपाशी नांगरली. किनाऱ्यापासून दोन तासांची वाट. धाकटा दातांच्या डॉक्टरला घेऊन खाली गेला.

अठरा मीटरवर डॉक्टरने वाळूतून एक शंख उचलला. सुंदर होता, तो नंतर म्हणायचा, तेवढंच डोक्यात आलं. धाकट्याने वळून पाहिलं आणि दोन झेपांत येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. जाड बाजूने धरला की दात पोचत नाही असं जुने पाणबुडे सांगतात. ते खोटं आहे. वाळूवर ठेवायला खाली वाकला तेवढ्यात अंगठ्याच्या बेचक्यात मुंगी चावल्यासारखं झालं.

त्याने डॉक्टरला घाईत वर आणलं नाही. नवखा माणूस, एकदम वर आणला तर त्याचा जीव जाईल, म्हणून ठरल्याप्रमाणे सावकाश, मधे थांबून तीन मिनिटं मोजून वर आला. शिडी चढताना त्याचे ओठ बधिर झालेले होते. तरी तो कुणाला काही बोलला नाही. दादा चिडेल, गिऱ्हाईक घाबरेल, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात. टाकी उतरवून तो बाकावर बसला आणि हवावहिनीकडे बघून म्हणाला, “वहिनी, तू दोन दिसतेयस.”

“एक होती तीच तुला पुरून उरत होती,” ती म्हणाली आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. त्याने घोट घेतला. पाणी ओठांच्या कडेने खाली आलं.

तिने पेला ठेवला. “काय चावलं?”

“काटा असेल काहीतरी.” जीभ जड झाली होती, ‘काटा’चा ‘गाडा’ झाला.

तिने दातांच्या डॉक्टरकडे पाहिलं. तो कॅमेरा पुसत होता. पुसतच राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, “शंख होता. मी उचलला होता. यांनी माझ्या हातातून घेतला.”

“कसा होता? कोनासारखा?”

“हो.”

ती म्हणते, त्या ‘हो’नंतर बोटीवरचा वारा थांबल्यासारखा झाला. प्रत्यक्षात ती पाच सेकंदही बसली नाही. “अहो, नांगर उचला,” तिने नवऱ्याला सांगितलं. “सरळ बंदर. रेडिओवर सांगा, शंखाचा डंख आहे, श्वास बंद पडणार आहे, अँब्युलन्स धक्क्यावर आणा.”

“पडणार आहे म्हणजे? बसलाय की तो.”

“नांगर उचला म्हटलं ना.”

तिने धाकट्याला आडवा केला. बोटांपासून काखेपर्यंत हात रुंद पट्टीने घट्ट गुंडाळला, पण नखं निळी पडू न देता. पट्टीवर पेनाने वेळ लिहिली. मग वल्ह्याचा तुकडा लावून हात बांधून टाकला, हलू नये म्हणून. “हात हलला की विष पळतं,” ती त्याला सांगत होती. “आज एक दिवस निवांत पड.”

रेडिओवर उत्तर आलं की बंदराची जलद बोट दुसऱ्या टोकाला गेलीय, तुम्हीच या.

धाकट्याच्या पापण्या खाली येत होत्या. त्याला थुंकी गिळता येईना. तिने त्याला कुशीवर वळवलं. त्याने काहीतरी म्हटलं, ते तिला कळायला तिसऱ्यांदा म्हणावं लागलं. “वहिनी, पाय नाहीत.”

“आहेत. मी बघतेय ना. घाणेरडे आहेत, पण आहेत.” मग त्याच्या कानाशी वाकून तिने जे वर्गात शिकलं होतं ते सगळं सांगितलं. “ऐक. तुझा श्वास थांबेल. घाबरायचं नाही, मी देणार आहे. तुला हलता येणार नाही, बोलता येणार नाही, पण ऐकू येईल. तुला ऐकू येतंय हे मला माहीत असेल. मी थांबणार नाही. कळलं?”

त्याने डोळ्यांनी होकार दिला. तो त्याने स्वतःहून केलेला शेवटचा हावभाव.

पाचेक मिनिटांनी छाती उथळ झाली, मग नुसती गळ्याशी फडफड, मग काहीच नाही. ओठ जांभळे व्हायला लागले. तिने त्याचं डोकं मागे कलतं केलं, हनुवटी उचलली, मास्क बसवला, बोटीवरच्या छोट्या टाकीची ऑक्सिजनची नळी त्याला जोडली आणि फुंकर घातली. छाती वर आली. खाली गेली. पाच मोजून दुसरी. तिने बोट लागलेल्या बाईला जवळ बोलावलं. “तुम्ही एवढंच करा. एक ते पाच मोजायचं, मोठ्याने, न थांबता. घड्याळाकडे बघून.” ती बाई रडत रडत मोजायला लागली, पण मोजत राहिली.

ती टाकी चाळीस मिनिटं पुरली. ती संपल्याचा सूं आवाज आला तेव्हा हवावहिनीने नळी काढून बाजूला टाकली आणि नुसता स्वतःचा श्वास द्यायला लागली. गुडघ्याखाली लाकूड, वरून ऊन, बोट लाटेवर आपटतेय. तिचे हात सुन्न झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

दातांच्या डॉक्टरने धाकट्याच्या पापण्या उघडून बघितल्या. बुबुळं काळी, मोठी, उन्हातही न हलणारी. मनगटावर बोटं ठेवून तो बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, “वहिनी, नाडी नाही. डोळे गेलेत. मी डॉक्टर आहे, मला...”

“दातांचे,” ती म्हणाली आणि पुढचा श्वास दिला.

कप्तान सुकाणूशी उभा होता, दोन हातांच्या अंतरावर. त्याने मागे वळून भावाचं तोंड पाहिलं. राखेच्या रंगाचं, तोंड उघडं, डोळे अर्धवट. आणि त्या मुखदुर्बळ माणसाने त्या दिवशी नेमकं बोलायचं ठरवलं. “सोड त्याला.”

ती फुंकत होती.

“सोड म्हणतोय मी. संपलंय. नुसती हवा भरतेयस तू, टाकीत भरतात तशी. त्याचे हाल करू नकोस. माझा भाऊ आहे तो. मी सांगतो, सोड.”

“तो ऐकतोय,” दोन श्वासांच्या मधे ती म्हणाली.

“मेलेलं माणूस ऐकत नसतं.”

पुढचा श्वास देऊन ती म्हणाली, “इंजिन बंद करा.”

“काय?”

“हादऱ्यात नाडी लागत नाही. बंद करा इंजिन.”

“वेडी झालीस? एकेक मिनिट...”

“संपलंय म्हणता ना? मग घाई कसली? बंद करा.”

त्याने इंजिन बंद केलं. समुद्रावर अचानक शांतता पडली. मोजणारी बाईसुद्धा गप्प झाली. हवावहिनीने डॉक्टरचा हात धरून त्याची दोन बोटं धाकट्याच्या गळ्यावर, श्वासनळीच्या बाजूच्या खोबणीत दाबली. “इथे. मनगटात नाही, इथे.” आणि स्वतः आणखी एक श्वास दिला.

डॉक्टर तोंड वळवून बसला होता. मग त्याचे खांदे हलले. “आहे,” तो म्हणाला. “आहे. चालू आहे.”

कुणी सांगायच्या आत इंजिन पुन्हा सुरू झालं होतं. कप्तानाने वेग इतका वाढवला की नंतर महिनाभर ते इंजिन दुरुस्तीला होतं. त्याने परत मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर डॉक्टरने पाळी घेतली. पहिल्याच वेळी घाबरून जोरात फुंकलं, हवा पोटात गेली आणि धाकट्याला उलटी झाली. हलू न शकणाऱ्या माणसाची उलटी, म्हणजे ती सरळ श्वासनळीत जाणार. हवावहिनीने धाकट्याला ढकलून कुशीवर वळवलं, बोटाला कापड गुंडाळून घसा साफ केला, मास्क समुद्राच्या पाण्यात खळबळून पुन्हा बसवला. त्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्या वेळात आपला हात आहे की नाही हेही कळत नव्हतं, असं ती म्हणते. “हळू,” ती डॉक्टरला म्हणाली. “छाती वर येईल एवढंच. फुगा फोडायचा नाहीये.”

डॉक्टरची पाळी असली की ती धाकट्याच्या कानाशी बोलायची. काय बोलावं सुचेना तेव्हा जुनं काहीही काढलं. “सहावीत गणितात तुला अकरा मार्क पडले होते. प्रगतिपुस्तकावर तुझ्या दादाची सही मी केली होती. आज त्यांना कळलं. उठून तूच निस्तर आता.” सुकाणूशी उभ्या कप्तानाच्या पाठीत काहीच हललं नाही. ती बोलत राहिली. बोलता बोलता रडायची, आणि पाळी आली की डोळे पुसून पुन्हा वाकायची. रडलं की श्वास पुरत नाही, म्हणून.

बंदर दिसलं तेव्हा ओहोटी होती. तोंडाशी वाळूचा पट्टा उघडा पडलेला, बोट आत घेता येईना. आम्ही धक्क्यावरून होडी सोडली. मीही होतो त्यात. मी धाकट्याला बघितलं आणि मला वाटलं, आपण मढं आणायला आलोय. हवावहिनीच्या ओठांच्या कडा मास्क घासून सोलल्या होत्या. आम्ही चौघांनी त्याला उचलून होडीत घेतलं, ती त्याच्या डोक्याशी होडीत साचलेल्या पाण्यात गुडघे टेकून बसली, आणि आम्ही वल्ही मारत असताना ती फुंकत होती. माझ्या शेजारच्याचं वल्हं चुकलं तशी ओरडली, “नीट मार.” एवढंच.

अँब्युलन्समधल्या माणसाने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी लावली आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं. तिने मास्क सोडलाच नाही. त्याला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

दवाखान्यात नळी घातली, यंत्र लावलं. डॉक्टरांनी पट्टीवरची वेळ वाचली, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, आता वाट बघायची. मेंदूला हवा किती पोचली ते तो जागा झाल्यावरच कळेल. म्हणजे जागा होईल का, हेही त्यात आलं. ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. यंत्र श्वास देत होतं तरी तिचे ओठ हलत होते, एक ते पाच. कप्तान बाहेर व्हरांड्यात. आत ये म्हटलं तर म्हणायचा, “इथे बरा आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची नळी काढली. घसा फाटलेला, आवाज कागद चुरगळल्यासारखा. तिने चमच्याने पाणी पाजलं. दोन घोट घेऊन तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “ती बाई साडेतीन म्हणायची.”

“काय?”

“मोजताना. तीन म्हटल्यावर हुंदका आला की साडेतीन म्हणायची.”

मग तिची खात्री पटली, की हा सगळं ऐकत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आभाळ बघत, हलता न येता. तिने विचारलं नाही, पण त्याने डोळे मिटून सांगितलं, “दादाला सांगू नकोस, मला ऐकू येत होतं म्हणून.”

तिने नाही सांगितलं. पण ते लपून राहिलं नाही. दवाखान्यातल्या परिचारिकेने सहज बोलता बोलता कप्तानाला सांगून टाकलं, की अशा रुग्णाला सगळं कळत असतं. तो ते ऐकून तसाच घरी गेला.

मी काही त्या घरात राहत नाही, पण पुढचे दहा महिने पत्र्याच्या पलीकडे जे चाललं होतं ते नुसतं ऐकणंही जड होतं. दोघं भाऊ एकमेकांशी ‘पाना दे’, ‘दोर सोड’ याच्या पलीकडे बोलत नसत. कप्तान धाकट्याच्या ताटात स्वतःहून जास्त वाढायचा, धाकटा तेवढं बाजूला काढून ठेवायचा. हवावहिनी मधे बसून दोघांना जेवायला घालायची आणि माझ्याकडे येऊन म्हणायची, “एक वाचला आणि दोन गेले, असं झालंय बघ.” धाकट्याने पाण्यात जाणं सोडलं. आडवं पडलं की त्याला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तो भिंतीला टेकून झोपायचा. दातांचा डॉक्टर एकदा येऊन गेला. शेडच्या दारातच उभा राहिला. हवावहिनीने त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. तिने एवढंच म्हटलं, “तुम्ही नंतर नीट फुंकलंत.” जाताना तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडला.

दहाव्या महिन्यात कॉम्प्रेसर हलवायचा होता. जड धूड, दोघं भाऊ दोन बाजूंना. मधेच कप्तानाने आपली बाजू खाली ठेवली.

“मी सोड म्हणालो होतो,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“तुला ऐकू येत होतं.”

“हो.”

“मग बोलत का नाहीस? शिव्या दे. मार. काहीतरी कर.”

धाकट्यानेही आपली बाजू खाली टेकवली. मी हातातली सुई धरून बसलो होतो. मग तो म्हणाला, “दादा, तू म्हणालास तेव्हा मला पण वाटलं, सोडावं. तेवढा थकलो होतो मी. वहिनीच ऐकेना.” त्याने कॉम्प्रेसरची कड पुन्हा धरली. “तुझ्यावर राग नाही. पण तुझं तोंड बघितलं की ते परत ऐकू येतं. ते जायला वेळ लागेल. तू घाई करू नकोस.”

जरा वेळाने धूड पुन्हा उचलल्याचा आवाज आला.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. दोघं बोलतात, थोडं. धाकटा पुन्हा पाण्यात जातो, पण दहा मीटरच्या खाली नाही, आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा थंडीत बधिर होतो. हवावहिनी महिन्यातून एकदा शेडमध्ये धक्क्यावरच्या सगळ्या बोटवाल्यांना शिकवते. वर्गातल्या परिचारिकेची सरावाची रबरी बाहुली तिने मागून आणलीय. मागच्या बाकावर जांभई देणाऱ्याला ती उठवते आणि बाहुलीत अर्धा तास न थांबता फुंकायला लावते. पंधराव्या मिनिटाला तो हात जोडतो. “थकलास?” ती म्हणते. “आणखी दीड तास आहे.” कप्तान त्या वर्गाला दोनदा आला. दोन्ही वेळा बाहुलीपाशी गुडघे टेकून बसला, मास्क हातात घेतला आणि उठून बाहेर गेला.

तिने स्वतः त्या दिवसापासून बोटीवर पाय ठेवलेला नाही. धाकटा दर आठवड्याला विचारतो, “वहिनी, येतेस का उद्या? समुद्र शांत आहे.” ती टाकीची झडप उघडून हवेचा वास घेते आणि म्हणते, “पुढच्या आठवड्यात बघू.”